एका पावसाचं कुंपण

पावसात कुणाचा गडगा कोसळला, की हरमलचे आबा छत्री घेऊन समाचाराला निघायचे. माणूस गेल्यावर जातात अगदी तसे. धुतलेला सदरा, पायांत प्लास्टिकच्या चपला, चालण्यात घाई नाही. पडलेल्या चिऱ्यांच्या ढिगापुढे जरा वेळ गप्प उभे राहायचे, एखादा चिरा उलटा करून बघायचे आणि मग घरधन्याला म्हणायचे, "पावसाक वाट दिलंस नाय मा? आता तो काय तुका इचारून जातलो?"

घरधनी आधीच वैतागलेला. त्यात हे. पण आबांना कुणी उलट बोलायचं नाही, कारण ते खरं असायचं. डोंगरउताराला भिंत बांधायची आणि पायथ्याशी मुठीएवढी भोकं ठेवायची नाहीत, मग मागची माती पाणी पिऊन फुगते आणि आषाढात भिंत पोट काढून झोपते. बाहेरून आलेले बंगलेवाले तर लोखंडी खांब रोवून काटेरी तार लावायचे. समुद्रावरचा वारा ती तार दोन पावसांत खाऊन टाकायचा. तशी तांबडी भुकटी झालेली तार आबा बोटांनी मोडायचे आणि घरी येऊन मला दाखवायचे. "बघ बाय, पापड."

आबा माझे घरमालक. मी तेव्हा तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवत होते. माहेर दोडामार्गाकडचं, लग्न व्हायचं होतं, आणि स्वभाव असा की कुणी रांगेत पुढे घुसलं तर मी बस सोडून भांडत बसायची. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या हरमलात खोली मिळणं म्हणजे दिव्य. सगळ्यांना परदेशी पाहुणे हवेत. आबांनी मात्र मागची खोली मला दिली. पाहुणे का ठेवत नाही विचारलं, तर म्हणाले, "ते पाऊस लागलो काय पळतत. माका पावसात माणूस व्हया." बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा आखातात, मुलगी म्हापशाला दिलेली. सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला की ते माझ्या जनेलावर, म्हणजे खिडकीवर, टकटक करायचे. मी बाहेर येईपर्यंत बाल्कांवावर, दारापुढच्या कट्ट्यावर, दोन उंडे आणि चहा मांडलेला असायचा. चार वर्षं माझी सकाळ अशी झाली. आता चहा मीच करते, मीच पिते आणि मीच भांडी घासते, आणि त्या टकटकीची आठवण आली नाही असा दिवस जात नाही.

कुंपण हा त्यांचा धंदा नव्हता. वेड होतं. पेडणे तालुक्यात कुणी घराभोवती वय घालायची म्हटली, की आधी आबांना बोलावणं यायचं. आमच्याकडे कुंपणाला वय म्हणतात. आबा जायचे, एक हात खोल खड्डा मारायला लावायचे, त्यात तांब्याभर पाणी ओतायचे आणि मोठ्याने आकडे मोजत उकिडवे बसायचे. पाणी जिरेपर्यंत. हरमलच्या वाळूत वीस मोजायच्या आत पाणी गायब. आत डिचोलीकडच्या तांबड्या मातीत दोनशे मोजले तरी ते तसंच डोळे वटारून बघतंय. त्यावरून मेढ, म्हणजे कुंपणाचा खांब, किती खोल रोवायची, बुडाशी चिऱ्यांचा चुरा घालायचा की नाही, ते ठरायचं.

"मेढ खय कुसता ठावक असा?" मेढ कुठं कुजते, हा त्यांचा आवडता प्रश्न. नवीन माणूस हमखास म्हणायचा, खाली, बुडाशी. आबा खूश व्हायचे. "खाली नाय, वर नाय. जमिनीच्या ओठार." म्हणजे लाकूड मातीत शिरतं तिथं, जिथं ते सारखं ओलं होतं आणि सारखं सुकतं. म्हणून ओठाच्या वर एक वीत आणि खाली एक वीत मेढ आगीवर काळी करायची, आणि गरम असतानाच तिला काजूबियांच्या टरफलांचं काळं तेल पाजायचं. वाळवी त्या तेलाच्या वाटेला जात नाही. माणसानेही जाऊ नये, कातडी सोलून निघते. खिळा मारायचा नाही, खारा वारा खिळ्यातून लाकडात शिरतो. बांधायचं ते काथ्याच्या दोरीने, आणि ती दोरी आबा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातूनच आणायचे. दोरीवाल्यापुढे उभे राहून ती ओढायचे, हुंगायचे, जिभेला लावायचे. एकदा मी बरोबर होते. लाज वाटून मी शेजारच्या मिरच्यांच्या ढिगाकडे बघत राहिले.

लाकूड तोडायचं ते काळोखाच्या पंधरवड्यात. चांदण्यात तोडलेल्याला भुंगा लागतो. आणि सगळ्यांत टिकाऊ कुंपण हवं असेल तर मेढी जित्या लावायच्या, पांगाऱ्याच्या. जाड फाटे तोडून आठ दिवस सावलीत ठेवायचे आणि वैशाखात रोवायचे. पाऊस पडला की ते मूळ धरतात. "जिती मेढ कुसणा नाय," आबा म्हणायचे. "ती तुझ्या नातवांकय वळखतली."

तर असा हा माणूस. पंचक्रोशीला तीस तीस वर्षांची कुंपणं सांगणारा. आणि त्यांचं स्वतःचं कुंपण?

त्यांचं कुंपण एका पावसाचं असायचं. तीन बाजूंना नव्हे हो, तीन बाजूंना चिऱ्यांचा असा गडगा की त्यावर बैल चालवावा. चौथी बाजू, शेजारच्या घराकडची, तेवढी कच्ची. कसल्याही हलक्या लाकडाच्या मेढी, न जाळलेल्या, न तेल दिलेल्या, मध्ये माडाची झावळं आणि काट्यांची कुपाटी. भाद्रपदापर्यंत ते कुसायचं आणि दिवाळीला आडवं व्हायचं. मग तुळशीचं लग्न झालं की आबा ते पुन्हा घालायला घ्यायचे. एकटे. कुणालाही हात लावू द्यायचे नाहीत. जुन्या मेढी उपटून झाल्या की रिकाम्या भोकांत शिंपल्यांचा चुरा ठोकून बसवायचे. गुरांचा पाय अडकू नये म्हणून, असं मला सांगितलेलं.

मी चिडवायची. "आबानू, लोकांक पक्क्या सांगतास आणि तुमचां असां भिकाऱ्यागत?"

"माका काम व्हया दिवाळीनंतर," ते म्हणायचे. "नाय तर मी काय करू, पत्ते खेळू?"

त्या चौथ्या बाजूच्या पलीकडे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ राहायचा. दोघांत पंचवीस वर्षं बोलणं नव्हतं. आबा त्याचं नाव घेत नसत. 'पलतडचो' म्हणायचे, पलीकडच्या काठावरचा. भांडण कशावरून, तर वाटणीनंतर एका मानकुरादाच्या आंब्यावरून, एवढं गावात ऐकलेलं. कुणी याची चूक सांगायचं, कुणी त्याची. मी ज्या घरात राहते त्या घराच्या बाजूची होते. आंबा आमच्या अंगणात होता, कुंपणापासून अगदी जवळ, फांद्या दोन्ही घरांवर. वैशाखात पाड लागला की आबा सगळा आंबा वाटून टाकायचे. शाळेत पाठवायचे, पोदेराला द्यायचे, रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून द्यायचे. स्वतः एक फोड तोंडात घालत नसत. सोसत नाही म्हणायचे. तळलेला बांगडा सोसायचा, फणसाचे गरे सोसायचे. मानकुराद तेवढा सोसत नव्हता.

आणि आबा कुंपण घालायला बसले, की पलतडचो सकाळपासून आपल्या बाल्कांवावर येऊन ताठ बसायचा. दिवसभर. बोलायचं नाही, उठायचं नाही, नुसतं बघायचं. आबाही मान वर करत नसत. काम संपवून आबा आत गेले, की तो हळूच कुंपणाशी यायचा आणि वाकून जमीन वितीने मोजायचा. मी माझ्या जनेलातून बघितलंय. माझं डोकं असं फिरायचं. मनात म्हणायची, चोर मोजतोय.

माझ्या या रागाला घरचं खतपाणी होतं. आमच्या गावी शेजाऱ्याने दर वर्षी हातभर, हातभर करत वडिलांची कुळागराची, म्हणजे पोफळीच्या बागेची, अख्खी पट्टी गिळली होती. वडील भांडले नाहीत. आई मात्र रोज चुलीपुढे त्या शेजाऱ्याचा उद्धार करायची, आणि मी तो ऐकत मोठी झाले. कुंपण सरकतं आणि ते नेहमी दुसऱ्याच्या जमिनीत सरकतं, हे मला बाराखडीच्या आधी आलं होतं.

चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये माझी वाळत घातलेली चादर वाऱ्याने पलीकडे नेली. पलतडच्याच्या घरात कुणी नव्हतं, म्हणून मी कुंपणाच्या फटीतून जाऊन ती आणली. आणि तिथं मी ते बघितलं. त्याच्या अंगणात, कुंपणाला समांतर, वाळूत पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. शिंपल्यांनी बुजवलेली जुन्या मेढींची भोकं. एक ओळ, एक वीत सोडून दुसरी, पुन्हा एक वीत, पुन्हा एक. मी मोजल्या. अकरा.

अकरा वर्षांत अकरा वीत जमीन आबांच्या हातून गेली होती, आणि म्हाताऱ्याला पत्ता नव्हता! आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, समोरचा कपसुद्धा चाचपडून उचलायचे. पलतडचो दर वर्षी कोपऱ्यावरची खुंटी वीतभर सरकवून ठेवत असणार, आणि आबा बिचारे त्या खुंटीला दोरी लावून कुंपण घालत असणार. दुसरं काय असू शकतं? आणि आता आंबा फक्त तीन वीत राहिला होता.

मी आबांना काही बोलले नाही. त्यांना दुखवायचं नव्हतं. मेमध्ये ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी म्हापशाला मुलीकडे गेले, तीन आठवड्यांसाठी. शाळेला सुट्टी. मी गावाहून दोन गडी बोलावले आणि आबांनी जे जे शिकवलं होतं ते सगळं केलं. काळोखाच्या पंधरवड्यात तोडलेले पांगाऱ्याचे फाटे, आठ दिवस पडवीत सावलीला. दर दोन हातांवर एक जिती मेढ. मध्ये खैराच्या मेढी, ओठापाशी जाळून काळ्या केलेल्या. टरफलांचं तेल मी स्वतः लावलं. हातांना असे फोड आले की पंधरा दिवस मला वेणी घालता येईना. जुनी झावळं काढून टाकली, त्या भोकांत शिंपल्याही ठोकल्या. आणि नवीन कुंपण घातलं ते जुन्या ओळीवर नव्हे. गेल्या वर्षीच्या चोरीतली निदान एक वीत परत मिळवायची म्हणून, वीतभर पलीकडे, त्या आधीच्या ओळीवर घातलं. पलतडचो बाल्कांवावर येऊन उभा राहिला. त्या वेळी तो बसला नाही. मी मुद्दाम त्याच्याकडे रोखून बघितलं. तोच आत निघून गेला. जिंकल्यासारखं वाटलं मला.

आबा काळा चष्मा लावून परत आले. मी त्यांचा हात धरून थेट तिकडेच नेलं. नव्या डोळ्यांनी त्यांनी बघितलेली पहिली मोठी वस्तू ती. एकेक मेढ चाचपत ते पुढे गेले. जळका भाग नखाने खरवडून बघितला, दोरीची गाठ ओढून बघितली. मी परीक्षेला बसल्यासारखी मागे मागे. आंब्यापाशी आल्यावर ते थांबले. पायाने जमीन चाचपली. जुन्या भोकांतल्या शिंपल्या आता कुंपणाच्या आतल्या बाजूला होत्या.

"ही वीत खयची?"

"परत घेतलंय, आबानू. तो दर वर्सा खुंटी सरकवी होतो. तुमका दिसणा नाय म्हणान."

आबांनी चष्मा काढला आणि पुसला. पुन्हा लावला. माझ्या हातांकडे बघितलं. फोडांवर पट्ट्या होत्या. मग म्हणाले, "बरां केलंस. गाठी बऱ्यो इल्यो. तीस वर्सां हलाचां नाय."

शाबासकी मिळाली म्हणून मी फुलून गेले. दुसऱ्या दिवशी पोदेर आला, भोंपू वाजला, पण जनेलावर टकटक झाली नाही. मला वाटलं, ऑपरेशनचा थकवा.

पाऊस आला आणि पांगाऱ्याला कोंब फुटले. त्यातला एकही आबांनी उपटला नाही. मूळ धरलेलं काही ते उपटत नसत. आणि मला, चुकलंस, असंही कधी म्हणाले नाहीत. म्हणाले असते, तर मी त्याच दिवशी त्या मेढी दातांनी उपटल्या असत्या.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी कारापूरला आले. आबा एकदाच आमच्याकडे आले, कार्तिकात. थकले होते. तरी आल्या आल्या परसात खड्डा मारायला लावला, पाणी ओतलं, आकडे मोजत बसले. शंभराच्या पुढे दम लागला, पुढचे मी मोजले. माझा नवरा म्हणाला, कुंपण पक्कं घालणार. आबा माझ्याकडे बघत म्हणाले, "बाय, सुकी घाल. जिती नको. माणसाचां मन बदलता, जिती मेढ ऐकणा नाय." मला काही कळलं नाही. निघताना ते म्हणाले, "पलतडचो हल्ली बाल्कांवार बसणा नाय. दिवाळी झाली तरी नाय."

"बरां झालां. पीडा गेली," मी म्हणाले.

हे वाक्य मी बोलले आहे. मला ते परत घेता येत नाही.

त्याच माघात आबा गेले. मुलीचा फोन आला तेव्हा मी खडू हातात घेऊन वर्गात उभी होते. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. बाल्कांवावर त्यांच्या चपला तशाच होत्या.

परवा, इतक्या वर्षांनी, आमच्या कुंपणाचं काम निघालं. आधीचं नवऱ्याने घातलेलं तारेचं, त्याचा पापड झाला. आबा जिती नको म्हणाले होते. तरी म्हटलं, पांगाऱ्याचे फाटे न्यायचे तर आबांच्याच कुंपणाचे न्यायचे. खरं सांगायचं तर मला त्यांचं काहीतरी माझ्या दारात हवं होतं. मी कोयता घेऊन हरमलला गेले. आबांच्या घराला कुलूप. पांगारे आता झाडंच झालेत, खोडं मांडीएवढी. आंब्याला पाड लागलेला, खाली आंब्यांचा सडा, उचलायला कुणी नाही. दोन फाटे तोडले तोच पलीकडून आवाज आला, "कोण गो ती?"

पलतडचो. पार वाकलेला, हातात काठी.

"मी टीचर. आबांकडे रवा होतंय ती."

"व्हर व्हर, ने फाटे. त्येचीच वय ती." तो कुंपणाला धरून उभा राहिला. पहिल्यांदाच मी त्याचा आवाज ऐकत होते, आणि तो थेट आबांचा होता. "वय घालची तर त्येनीच. शेवटाक तेवढां मन बदललां त्येनी."

"कसलां मन?"

त्याने काठीने आपल्या अंगणातल्या ओळी दाखवल्या. गवतातून अजून पांढऱ्या दिसत होत्या. मग तो सांगत गेला, अडखळत, माझ्याकडे न बघता. तो खाणीवर ट्रक चालवायचा तेव्हाची गोष्ट. "चवथीक येवन बघतंय तर वय सरकलेली, आंबो पलतड गेलेलो. भावान घेतल्यान तर कोर्टात कित्याक जावचां? बोलणां सोडलंय, इतक्याच. मग वैनी गेली. त्या वर्सापासून तो दर दिवाळीक वय एक वीत मागे घेय होतो. तोंडान बोलूक जमणा नाय त्येका. माकाय जमणा नाय. मी हयसर बसान बघी होतंय, तो गेल्यार मोजी होतंय. तीन वीत रवली होती. वय आंब्यापलतड गेली काय पयल्या पाडाचे आंबे घेवन त्येच्या दारात जातलंय, असां ठरयलेलां."

तो थांबला. मी कोयता खाली ठेवला.

"आणि त्या वर्सा बघतंय तर वय पक्की. वर एक वीत पुढे. समजलंय, मन बदललां. तो दुखण्यात पडलो तेव्हा त्येचो निरोप इलो होतो. मी गेलंय नाय."

मला बसायला काही नव्हतं म्हणून मी उभी राहिले.  म्हणाले, "ती वीत आबांनी घेवक नाय. ते म्हापशाक होते. मी घेतलंय. तुमी चोर, असां समजान मी घेतलंय. त्यांची वय हय होती, आतल्या बाजूक."

 त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काठी खाली ठेवून, एका हाताने खोड धरून तो कसाबसा गुडघ्यांवर बसला. दोन पांगाऱ्यांच्या मधून दुसरा हात आमच्या बाजूला घातला, अंगठा खोडाला टेकवला आणि बोटं ताणून वीत केली. करंगळी पोचली तिथली पाचोळ्याखालची वाळू उकरली. थोडी उकरल्यावर शिंपल्या लागल्या.

"हयच होती?"

"हयच."

हात त्याने बराच वेळ तिथून काढला नाही.